कोड कुणाचा

बेंबळी,
१२ ऑक्टोबर २०२४

प्रिय संघपालदादा,
सप्रेम जय भीम.

आई बरी आहे. तू पाठवलेलं गुडघ्याचं तेल रोज लावते. सोयाबीन कापून पडलंय, आभाळ भरून येतंय आणि मळणीयंत्रासाठी गावात नुसती पळापळ चाललीय.

गेल्या वर्षी ही पळापळ नव्हती. माझ्या वेबसाइटवर लोक घरबसल्या मळणीची पाळी लावत होते. परवा ती बंद पडली. हणमंतप्पा दारात येऊन म्हणाले, "बाई, माझी पाळी कुठं गेली? सोयाबीन भिजलं तर म्या कुणाला विचारू?"

मग माझी साइट ज्यांच्या सर्व्हरवर चालते, त्यांचा ईमेल वाचला. तुझ्या कंपनीनं त्यांच्याकडं तक्रार केली होती की मी त्यांचा कोड चोरला, म्हणून माझी साइट बंद. मी त्यांची साइट उघडून कोड पाहिला. नाव वेगळं, रंग वेगळे, आत सगळं माझं. 'पाऊस आला तर पाळ्या कशा सरकवायच्या, आईला विचारणे' ही मी स्वतःसाठी लिहिलेली टीपसुद्धा तशीच. तुमच्या ऑफिसात कुणाची आई मळणीचं सांगते, दादा?

तुला फोन केला तर तू हसलास. "कोड काय कुणाच्या मालकीचा असतो व्हय? सगळेच उचलतात."

मी धाराशिवला नंदाताई वकिलांकडं गेले. त्या म्हणाल्या, "कल्पना कुणीही घेऊ शकतं. लिहिलेला कोड मात्र कायद्यात पुस्तकासारखा असतो. लिहिला त्याच क्षणी तो लिहिणाऱ्याचा, नोंदणी नसली तरी." मग विचारलं, "तुझ्याशिवाय हा कुणाकडं होता?"

मी तुझं नाव सांगितलं.

एकट्या तुझ्याकडं होता. तपासून दे म्हणून मीच पाठवला होता. "कच्चा आहे, नाद सोड," असं तू कळवलंस आणि त्याच कोडवर तिथं टीमचा प्रमुख झालास. मागितला असतास तर दिला असता रे. घेतलास ते घेतलास, वर मलाच चोर ठरवलंस.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली.

"त्यानंच केलं?"

"व्हय."

"मग नोटिशीत त्याचं नाव टाक. पर आधी तू कळव. दुसऱ्याकडून कळू नये त्याला."

म्हणून हे पत्र. सोमवारी नोटीस निघेल. कंपनीच्या नावाखाली तुझं नाव आहे. घरी यावंसं वाटलं तर ये, आई वाट बघते. मिटवायला मात्र येऊ नकोस.

तुझी बहीण, आणि त्या कोडची लेखिका,
दीक्षा तात्याराव ओव्हाळ