फाटक्या लुगड्यातलं चित्र

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुधा हे लिहायचा धीर होतोय. शाळेत चित्रकलेच्या वर्गात एक छापील विलायती चित्र टांगलेलं होतं, एकोणिसाव्या शतकातलं. कापणी झालेल्या शेतात एक शेतकरीण उभी, पाय अनवाणी, घागऱ्याला ठिगळं, आणि तोंडावर असा उजेड की बाई देवळात उभी आहे असं वाटावं. मी त्या चित्रापायी वेडी झाले होते. परीक्षेआधी मास्तरांनी घरच्या एका माणसाचं चित्र काढून आणायला सांगितलं, तेव्हा मी तुलाच धरलं.

तू आपल्या वाडीत केळींना पाणी सोडून आलीस, पाय घासून धुतलेस, आणि पेटीतलं सणाचं तांबडं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून दारात उभी राहिलीस. मी म्हणते, "हे नको. वाडीतलं फाटकं नेस." तू हसतेस. "फाटक्यात कोन उभं रातं गं? मानसं बगतील." मी चिडते. "मास्तरांनीच सांगितलंय." तुझं हसू जातं. तू आत जाऊन लुगडं बदलतेस आणि डोक्यावर टोपली घेऊन तीन दुपारी उभी राहतेस.

चित्राला बक्षीस मिळालं, शाळेत दर्शनी भिंतीवर लागलं. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सगळं गाव शाळेत जाऊन बघून आलं. तू रस्त्यावरच थांबलीस. मास्तरांकडे दर बाजाराला केळ्यांची फणी जायची, ती तू बंद केलीस. "त्याला माझी गरिबी भितीवर पायजे होती," एवढंच म्हणालीस.

पुढे मुंबईला शिकताना कळलं, तसली चित्रं काढणारे, अकादमीत तयार झालेले विलायती चित्रकार मोलाने बाई आणत, खोलीत उभी करत, आणि जुनेर आपल्याच पेटीतून काढून तिला नेसवत. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तुझा एकही फोटो नाही, आये. नातवंडं तुला त्या चित्रातूनच ओळखतात. "आजी किती गरीब होती," म्हणतात. आपण तेवढे गरीब नव्हतो गं.

तुझ्या मातीला मास्तर आले होते, सगळ्यांच्या मागे उभे राहिले. तुझ्या रागाचं कारण त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता तेही गेले. ते मला एवढंच म्हणाले होते, आई जशी आहे तशी काढ. फाटक्याचं माझ्याच मनातलं होतं.