मुशीच्या कालवणात चिंच होती का

आये, तुझी नात बाळंत झाली. बोईसरला माझ्याकडेच आहे. दूध कमी येतंय म्हणून पोर रडवेली झालीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होईल, चांगलं खाऊ द्या. मला वाटलं, हिला मुशीचं कालवण द्यावं, माझ्या बाळंतपणात तू मला दिलंस तसं. मुरबे बंदरावरून चांगला ताजा मासा आणवला, गरम पाणी ओतून त्याची वाळूसारखी कातडी खरवडली, आणि गॅसपाशी उभी राहिले तर आठवेना. बाळंतिणीच्या कालवणात तू चिंच घालायचीस की नाही?

मावशीला विचारावं, तर तीही गेली. मग मोबाइलला विचारलं. पूर्वी त्यावर काही शोधलं की पानांची रांग लागायची, नाहीतर सरळ यायचं, काही सापडलं नाही. त्या रांगेत सातपाटीच्या कुणा बाईंनी लिहिलेलं एक पान होतं, ‘आमच्याकडं असं करतात’ म्हणून. तूच बोलतेयस असं वाटलं होतं. हसले आणि सोडून दिलं, म्हटलं पान कुठं पळून जातंय? आता ते काही केल्या मिळत नाही. आता वरतीच तयार उत्तर येतं, पुस्तकी मराठीत. पारंपरिक पद्धतीनुसार चिंच घालावी. जरा शब्द फिरवून विचारलं, तर तितक्याच ठामपणे, बाळंतिणीला आंबट वर्ज्य. तिसऱ्यांदा तर मेल्यानं नारळाचं दूध ओतलं. खरं कुठलं धरायचं? कंपनीत माझ्या शेजारी बसणारी भाभी म्हणते, “ऊपर जो लिखा है वही पढ़ लो, नीचे कौन जाता है?”

लहानपणी मी तुला विचारलं होतं, त्या तारापूरच्या वीजकेंद्राच्या दिव्यांखाली माणसं काय करतात गं? तू वलांडीवर बोंबील वाळत टाकत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “मला काय म्हाईत? मी कदी गेलीय तिथं? जी जाते तिला इचार.” मला राग आला होता, आईला काहीच कसं येत नाही म्हणून. आता वाटतं, या मोबाइलला एवढं तरी बोलता यावं.

शेवटी घातली चिंच, बेतानं. पोरीनं दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाली, “अगदी आजीच्या हातचं लागतंय.” तू गेलीस तेव्हा ती चार वर्षांची, तिला काय डोंबल आठवणार! पण मी हो म्हटलं. तिला तेवढंच बरं वाटलं.

दूध आज जरा बरं आहे. मीच गोंधळलेय. हे पत्र तुला कुठं धाडणार, उशीखालीच राहील. पण एक सांगते. कालपासून तुझं कालवण आठवायला बसते, तर जिभेवर माझंच येतं. तुझं आता येतच नाही, आये.