नळीवरचं नाव

६ ऑक्टोबर १९०७, रविवार
प्रभूच्या कृपेनं घर मिळालं, आणि केवढं! ओली गावच्या खोऱ्यातलं माझ्या सासरचं, केमररांचं दगडी घर, मागे झरा, कोठारात सफरचंदांचे ढीग. लग्नाला आज चार दिवस झाले. तळघरात साठ बरण्या रिकाम्या निघाल्या. उद्यापासून कोबी खारवायला घेते, काही वाया जायला नको. घरात माणसं तीनच: मी, माझे यजमान आम्ब्रोस आणि त्यांची किझियाआत्या. आत्यांचं वय एकोणऐंशी, दात दोन, जीभ मात्र शाबूत. माझा काकवीचा केक खाऊन म्हणाल्या, सलोमे, काकवी काय डॉक्टरनं थेंब मोजून घालायला सांगितलीय? आम्ब्रोसना हसून हसून ठसका लागला.

स्वयंपाकघरात चुलीवरच्या भिंतीला एक लांबच लांब चकमकीची बंदूक टांगली आहे. मॅपलच्या लाकडी दस्त्यावर वाघासारखे पट्टे आणि चांदीच्या चांदण्या. धूळ फार. पुसायला हवी.

१९ ऑक्टोबर
शाळेचे ट्रेक्सलर मास्तर आले होते. गावच्या प्रदर्शनात जुन्या बंदुका मांडायच्या आहेत, पण प्रत्येकीखाली कारागिराचं नाव हवं. आमच्या बंदुकीच्या नळीवर, जिथे बंदूकवाले सही करतात नेमकं तिथेच, ‘एलियास’ कोरलेलं आहे. मास्तरांनी सगळी जुनी दप्तरं चाळली. या मुलखात त्या नावाचा बंदूकवाला सापडत नाही. आत्या म्हणाल्या, होता कुणी फिरता कारागीर, आला, गेला, मेला. मास्तर, तुम्हाला पोरं शिकवायची नाहीत का आज?

मला जुनी लिपी वाचता येते, म्हणून आम्ब्रोसनी शोध माझ्यावर सोपवला. शिकले त्याचं चीज होईल.

९ नोव्हेंबर
सापडलं! खिळी काढून नळी दस्त्यापासून सोडवली, तर खालच्या अंगाला, कुणाला दिसू नये अशा जागी, बारीक ‘डी. के.’ डॅनियल केमरर, आत्यांचे वडील! ते बंदुकाच करत. आणि दस्त्यात पितळी झाकणाची डबी असते, गोळीला गुंडाळायच्या चिंध्यांची, तिच्यात एक चिठ्ठी: ‘माझ्या पहिल्या मुलासाठी. तो मोठा झाला की त्याची.’ म्हणजे वरचं नाव कारागिराचं नव्हेच, धन्याचं! मास्तरांनी मला टोपी काढून नमस्कार केला. आम्ब्रोस गावभर सांगत सुटले, मी बायको आणायला गेलो नि वकील घेऊन आलो.

आत्या जेवल्या नाहीत.

१२ जानेवारी १९०८
मला दिवस गेले आहेत. आम्ब्रोसना सांगितलं तर त्यांनी मला उचललंच. मग बंदुकीकडे बघून म्हणाले, बिचारी ऐंशी वर्षं धन्याची वाट बघतेय, मुलगा झाला तर एलियास. तेवढ्यात चुलीपाशी काहीतरी पडलं. मॅपलची एक कुरळी ढलपी, ताजी. लाकडाला अजून गोड वास होता.

१३ जानेवारी
आज आत्यांनी पेटीतलं जुनं बायबल काढून माझ्या मांडीवर ठेवलं. जन्ममृत्यूच्या पानावर एलियास, एलियास, एलियास, एलियास. त्यांचे चार भाऊ. पाचव्याचं, माझ्या सासऱ्यांचं, नाव वेगळं ठेवलं, तेवढे जगले. गेलेल्याचं नाव पुढच्याला द्यायची आमच्याकडे रीतच आहे. त्या चौघांपैकी वर्ष कुणीच पुरं केलं नाही. पापण्या मिटून राहाव्यात म्हणून मेलेल्याच्या डोळ्यांवर जी नाणी ठेवतात, तीच ठोकून वडिलांनी रडत रडत चांदण्या बसवल्या. दस्त्याच्या डाव्या अंगाला चार, उजव्या अंगाला चार. चौथ्या एलियासच्या डोळ्यांवर नाणी आत्यांनीच ठेवली, सहा वर्षांच्या असताना.

ते नाव पुन्हा कुणी ठेवू नये म्हणून वडील गेल्यावर आत्यांनीच घरादाराला सांगितलं होतं, की ते कारागिराचं नाव. पन्नास वर्षांवर ते खोटं टिकलं. मी ते उघडं पाडलं, आणि वर फुशारकी मारली. आत्या रागावल्या नाहीत. नुसता माझा हात धरून बसल्या.

१ मार्च
आम्ब्रोसनी नाव घेतलं की ढलपी पडते. चांदण्यांच्या खाली, दोन्ही अंगांना, पाचव्या चांदणीचा खळगा उमटतो आहे. आम्ब्रोस म्हणतात, उंदीर असेल. रोज बायबल वाचणाऱ्या बाईनं असलं काही मानावं? मी बंदूक माळ्यावर ठेवते, ते परत टांगतात. शेवटी एवढं कबूल केलं, की बाप्तिस्म्यात धर्ममाता सांगेल ते नाव. धर्ममाता आत्या. नाव मार्टिन. आमचं दोघींचं ठरलं.

१९ जुलै
मुलगा. प्रभूची दया. टपोरे निळे डोळे.

२ ऑगस्ट
बाप्तिस्मा झाला. पाळकांनी नाव विचारलं. बाळानं डोळे उघडून आत्यांकडे पाहिलं, आणि आत्यांच्या तोंडून ते नाव गेलं. घरी येईपर्यंत एकच घोकत होत्या, माझ्या भावाच्या डोळ्यांनी बघितलं गं त्यानं माझ्याकडे, सलोमे, अगदी त्याच.

३ ऑगस्ट
आम्ब्रोस पाळण्याशी बसून लाडानं हाका मारत होते. चुलीपाशी सुपलीभर ढलप्या निघाल्या.

५ ऑगस्ट
मी मार्टिन म्हणते. तो वळत नाही. भिंतीकडे बघत राहतो.

६ ऑगस्ट
डाव्या खळग्यात चांदणी बसली. कोरी, लखलखीत— कुणी बसवली—
बाळाचा डावा डोळा उघडत नाही. डॉक्टर म्हणाले चिकटला असेल, कोमट पाण्यानं पुसा. पुसला. पुसतेच आहे—

७ ऑगस्ट
आम्ब्रोसनी डोळा पाहिला. बंदुकीकडे पाहिलं. खाली बसून ढसढसा रडले. शपथ घेतली, ते नाव पुन्हा ओठावर येणार नाही. पण जिभेला वळण पडलेलं आहे. झोपेतही तेच—
उजवा खळगा रिकामा आहे. खोल आहे.

८ ऑगस्ट, दुपार
बाळ मांडीवर. उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघतंय. पहिल्यांदाच माझ्याकडे. मार्टिन म्हटलं, आणि हसलं! प्रभू, हा एक डोळा तरी—
फाटक वाजलं. आम्ब्रोस बाजारातून आले. हातात खुळखुळा, तो उंच धरून हलवताहेत, आज पुन्हा हसताहेत— तोंड उघडलं— विसरले— अहो, नको, नको ना—

एलि