लिव्हर नावाचे दोन पार्ट

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. सातपूरच्या ड्रॉइंग ऑफिसात तुमच्या खुर्चीवर आता मी बसते, आणि ती मला शोभते असं माझं स्वतःचंच मत आहे. नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी मी माउसला हात लावू देत नाही. आधी पार्टला नाव द्यायला शिकवते.

नव्वदच्या दशकात कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा जन्मभर बोर्डावर ड्रॉइंग काढलेले तुम्ही स्टूल ओढून माझ्या मागे बसायचात. मी पार्ट काढायचा आणि ‘नवा’, ‘नवा दोन’ असं काहीतरी टाइप करून मोकळं व्हायचं. चिडलात की तुमच्या तोंडून सटाण्याची बोली बाहेर पडायची. “हाई काय शे, बाई? अख्ख्या वर्कशॉपला नावं ठेवतेस, आणि एका पार्टला नाव ठेवता येत नाही?” मग आवाज उतरवून म्हणालात, “माणसाला कसं, स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव असतं. पार्टलाही तसंच दे. तो काय आहे, कुठे बसतो, कोणत्या मशीनचा आहे.” मी मान डोलावली. मनात म्हटलं, लिव्हरला लिव्हर म्हटलं की झालं, एवढं लांबण कशाला?

पुढे नव्या मशीनचं काम घाईत आलं. मी जुन्या मशीनचं ड्रॉइंग कॉपी केलं, त्यातला लिव्हर पुसला आणि नव्या मशीनचा लिव्हर आणून बसवला. दोघांचंही नाव नुसतं ‘लिव्हर’. सॉफ्टवेअरची खोड अशी, की पडद्यावरून पुसलेला पार्ट नावासकट फाइलीत दडून बसतो, आणि त्याच नावाचा दुसरा आणायला गेलं की ते जुनाच पुढे करतं. दिसायला दोन्ही सारखे, फक्त जुन्याचं भोक बोटभर अलीकडे. ड्रॉइंगवरच्या ‘तपासले’च्या चौकटीत तुम्ही सही केलीत आणि सगळा लॉट तसाच, चुकीच्या भोकाचा तयार झाला.

मालक तुमच्या टेबलावर एक लिव्हर आपटतात. “हे कोणाचं काम?” तुम्ही चष्मा काढता, ड्रॉइंग बघता. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. “सही माझी आहे साहेब. माझ्या नजरेतून सुटलं.” मी दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. एक वाक्य बोलायचं होतं, सर. बोलले नाही. तुमच्या निरोपसमारंभात मालकांनी त्या लिव्हरवरून विनोद केला, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळी वाजवली. फार लाज वाटते त्याची.

सटाण्याला तुमच्या मुलाकडे हे पत्र पाठवता येईल. पाठवणार नाही. कारण मग मला पहिल्या दिवसाचा धडाही बदलावा लागेल. तो मी अजूनही असाच सुरू करते, “आमच्या एका सरांनी एकदा असा घोळ घातला होता.” पोरं हसतात, आणि मी त्यांना हसू देते.