देवीच्या कम्प्युटरला हात लावायचा नाही

पेडणे,
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थरूप शांताअक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो (वाकलं की कंबर धरते, म्हणून यंदा ते पत्रातूनच उरकतो). देवीच्या कृपेने आम्ही दोघं बरी आहोत. सुशीलाचा खोकला गेला. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी अजून चोरून गोड खातात का? तुझा निरोप पोचला. 'दत्तारामा, देवळातल्या त्या डबड्याचा नाद सोड आणि गप घरी बस,' असं तू कळवलंस. मोठी बहीण म्हणून तुझा शब्द मी आजवर मोडला नाही. आज मोडतो.

हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं ते मला ठाऊक आहे. तुझा स्वप्नील! फोंड्यात कम्प्युटरचं दुकान काढलं म्हणजे मामाला अक्कल शिकवायचा परवाना मिळाला की काय? चवथीला आला, नेवऱ्या खाल्ल्या, देवळात आला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "मामा, हें आतां म्युझियमांत दवर!" त्या चारांत आमच्या समितीचे अध्यक्ष नारायणबाब होते आणि त्यांचा पुतण्या प्रज्योत होता, जो शिकून घरी बसला आहे आणि बसायला खुर्ची शोधतो आहे. भाच्याने गंमत केली आणि मामाच्या खुर्चीला आग लागली.

तुला मूळ गोष्ट ठाऊक नाही म्हणून सांगतो. मी देवस्थानात क्लार्क लागलो तेव्हा गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कम्प्युटर बऱ्याच वर्षांनी आला. डिचोलीच्या एका ट्रकवाल्याने नवस केला होता की खाणीवर गाड्या लागल्या तर देवीला कम्प्युटर देईन. गाड्या लागल्या. त्याने स्वतःच्या ऑफिसात नवा घेतला आणि जुना देवीला दिला (देवीला चालला, मग नाक मुरडणारा मी कोण?). वाजतगाजत आणला, हार घातला, नारळ फोडला. नारळ जरा जवळच फोडला, त्यामुळे काही बटणं अजून चिकटतात. पुढे खाणी बंद पडल्या, त्याचे ट्रक अंगणात गंजले. कम्प्युटर मात्र चालू आहे.

चालू आहे म्हणजे चालवावा लागतो. डब्याचं झाकण मी काढूनच ठेवलं आहे, कारण झाकण लावलं की तो तापतो. पावसाळ्यात आत दमट होतं म्हणून शेजारी पिवळा बल्ब पेटता ठेवतो, कोंबडीच्या पिल्लांना ठेवतात तसा. बटण दाबलं की पंखा घरघरतो, पण पडदा काळाच. मग डाव्या अंगाला तळहाताची एक थाप. जोराची नाही, तशी हळूही नाही. मग रोज सकाळी त्याला आजची तारीख सांगायची, कारण रात्रीत तो सगळं विसरतो (एकदा मी सांगायला चुकलो, तर एका नव्या जोडप्याचा अभिषेक पावतीवर त्यांच्या जन्माआधी झाला). फ्लॉप्यांना बुरशी आली तेव्हा सुशीलाने त्या कोकमाच्या सोलांबरोबर अंगणात वाळत घातल्या. काही वाकल्या. उरलेल्या चालतात, आंबूस वास येतो एवढंच. आणि प्रिंटर! त्याचा कर्रकर्र आवाज दीपस्तंभापर्यंत आणि तिथून आमच्या पडवीपर्यंत जातो. तो कानावर पडल्याशिवाय आपली सेवा देवीला पोचली असं आमच्या म्हाताऱ्या बायकांना वाटतच नाही. प्रज्योतचा नवा प्रिंटर म्हणे आवाज करत नाही. मग त्याचा उपयोग काय?

तर समितीत ठरलं, नवा कम्प्युटर घ्यायचा आणि त्यावर नवा माणूस. डबडं गेलं की दत्तारामही गेला, हे सरळ कोणी बोललं नाही, पण मला न कळायला मी काय पाटावरचा वरवंटा आहे? अक्का, खरं सांगतो, मला रडू आलं. देवळाच्या मागे जाऊन नाक शिंकरलं. मग राग आला आणि बरं वाटलं. तसाच परत जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, नवसाची वस्तू देवीची. कौल घेतल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जाणार नाही. झक मारत समिती कौलाला तयार झाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवीच्या अंगाला कौलाच्या पाकळ्या लावल्या (उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार). गाऱ्हाणं घालायला म्हातारे महादेव गावकार. नारायणबाबांनी त्यांना नीट पढवलं होतं: जुना कम्प्युटर काढायला परवानगी माग. पण त्या माणसाने जन्मभर गुरांसाठी, पोरांसाठी, विहिरीसाठी एकच गाऱ्हाणं घातलेलं. सुरुवात बरोबर केली, मग सूर लागला आणि जीभ नेहमीच्या वाटेने गेली, "हे माये, आसा ता राख, नासा ता दी!" आम्ही सगळे सवयीने ओरडलो, "व्हय माये!" (नारायणबाबसुद्धा.) आणि टप्पकन उजवी पाकळी पडली!

म्हणजे आहे ते राखायचं. देवीने हुकूम दिला. प्रज्योत म्हणाला, प्रश्नच चुकला, पुन्हा विचारा. गावकार त्याच्या अंगावर गेले, "देवीक परत परत इचारूक ती काय तुजी आजी?" नवा कम्प्युटर येईल तेव्हा येईल, त्याला कोपऱ्यात जागा देऊ. जुना हलणार नाही आणि मीही हलणार नाही. तू रागाव, बोलू नकोस, भाऊबीजेला ओवाळू नकोस. मी घरी बसणार नाही म्हणजे नाही.

भावोजींना नमस्कार, स्वप्नीलला आशीर्वाद (बेताचे).

तुझा धाकटा,
दत्ताराम

ता. क. वरचं स्वप्नीलला वाचून दाखवू नकोस. त्याच्या दुकानामागे भंगाराचा ढीग आहे, त्यात गोल पिनचा जुना कीबोर्ड आणि आतल्या घड्याळाची बॅटरी मिळेल का ते विचार. रविवारी ते घेऊन त्यालाच पाठव, बॅटरी बसवणं मला जमत नाही. जेवायला सुंगटांचं हुमण करू. पत्र लिहायचं खरं कारण एवढंच होतं.

आणखी एक. पाकीट बंद करणार तोच नारायणबाब घरी आले. समितीने देवीचा शब्द मानला, कम्प्युटर राहिला. पण कौल कम्प्युटरचा होता, क्लार्कचा नव्हता, असं त्यांचं म्हणणं. उद्यापासून त्यावर प्रज्योत बसेल. मी किल्ली तिथल्या तिथे हातात दिली. तो सुरू कसा करायचा, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हे आता गुरुवारी सकाळी लिहितो आहे. देऊळ उघडून बराच वेळ झाला. प्रिंटरचा आवाज अजून नाही. मी शर्ट घालून, चष्मा पुसून पडवीत बसलो आहे. बोलवायला आले तर लगेच उठणार नाही, आधी चहा घेईन.