शेगडीची शुद्धी आणि धाकट्या भावाचा हिस्सा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, खाणावळीचा निवृत्त चालक, ईश्वरकृपेने दृष्टी व बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, सकाळचा पाठ आटोपून स्वहस्ते हे लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र मी स्वतःच फाडले आहे. त्यात राग फार होता.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची; तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांची, समसमान. या घरात तिचाच शब्द अंतिम असल्याने या कलमाने काही नवे घडत नाही.

२. माझे ग्रंथ सुनेला द्यावेत. ते उघडून वाचणारी ती एकटीच. मुलगा त्यांवर चष्मा ठेवतो.

३. कोळशावर भाजण्याची चिनीमातीची, अंड्याच्या आकाराची शेगडी, झाकणावरील तड्यासह. तिच्यावर मी चौतीस वर्षे वांगी, कणसे, बटाटे भाजले. तिची निगा अशी: आत पाणी वा साबण कदापि लावू नये. माती पाणी पिते आणि जाळ लागताच तडकते. थंड शेगडीतली राख काढून ताजे कोळसे भरावेत, वरचा व खालचा झरोका पूर्ण उघडून तासभर कडक जाळ द्यावा. तेलाचा चिकट राप जळून पांढुरका होतो. मध्ये झाकण उचलायचे झाल्यास प्रथम बोटभरच उचलावे. एकदम उघडल्यास ज्वाळा तोंडावर येते, माझ्या डाव्या भुवईला विचारावे. शेगडी पूर्ण निवल्यावर लाकडी पट्टीने खरवडावे. झाकणाच्या आतून सुटणारे काळे पापुद्रे ही काजळी आहे, रंग नव्हे. मुलाने एकदा रंगारी बोलावला होता, म्हणून लिहितो.

४. तड्याविषयी. एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने ही शेगडी आतून साबणपाण्याने घासली. दुसऱ्या सकाळी मी ती पेटवली आणि झाकण तडकले. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणालो, "तुझ्या हाताला अक्कल नाही." तो एप्रन खुंटीला लावून निघून गेला. दोन गल्ल्या पलीकडे राहतो, लग्नकार्यात वाकून नमस्कार करतो, शेगडीपाशी मात्र फिरकत नाही.

खरे असे आहे. त्याने शेगडी घासली त्याच्या आदल्या दिवशी मी त्याला द्रव्यशुद्धीचे प्रकरण वाचून दाखवत होतो. वस्त्राची शुद्धी पाण्याने, काशाची राखेने, इतके सांगितले आणि गिऱ्हाईक आले म्हणून पोथी मिटली. उठता उठता म्हणालो, आपली शेगडीही शुद्ध करायला हवी. मातीचे पात्र पुन्हा भाजल्यानेच शुद्ध होते, हे पुढचेच वचन. ते मला पाठ होते, सांगायचे राहिले. त्याने ऐकले तेवढे श्रद्धेने केले. हे मला एकोणीस वर्षे ठाऊक आहे.

म्हणून शेगडी, लाकडी पट्टी व चिमटा माझ्या पश्चात धाकट्या भावास द्यावा, आणि तडा माझ्या दोषाने गेला असे समजावे.

ताजा कलम: वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. डॉक्टरीणबाई चष्मा पुसत राहिल्या. माझी दाढी करणारे न्हावी म्हणाले, "अण्णा, हे त्याला तुम्ही गेल्यावर कळणार. मग तो निवळला की नाही, ते तुम्हाला कोण सांगणार?"

यावर माझ्याजवळ शास्त्राधार नव्हता. सुनेकरवी भावाला बोलावून घेतले. त्याच्यासमोर चौथे कलम मोठ्याने वाचले व क्षमा मागितली. तो बराच वेळ झाकणाच्या आतून हात फिरवत राहिला.

"दादा, मला वाटायचं मीच नीट ऐकलं नव्हतं," तो म्हणाला.

मग त्याने शेगडीचे वजन विचारले आणि हातगाडी आणायला गेला.

सबब, शेगडी आजपासून माझ्या मिळकतीत नाही. तिसरे कलम केवळ निगेपुरते वाचावे. चौथे माझ्या हयातीतच पुरे झाल्याने रद्द समजावे. गाडीवर चढवताना दोन्ही साक्षीदारांचे हात लागणार असल्याने सह्या आधी उरकल्या आहेत.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. घरच्या डॉक्टरीणबाई (सही) २. कोपऱ्यावरचे न्हावी (सही)
स्थळ: राहते घर, मागील अंगण
दिनांक: ११ जानेवारी, सकाळी साडेदहा