बोरपिंप्रीच्या वाचनालयाची कौले काढल्याबाबत

प्रति,
मे. प्रांतसाहेब,
अमळनेर भाग, जिल्हा पूर्व खानदेश

अर्जदार : भिकुबाई कोम चुडामण पाटील, धंदा शेती, राहणार मौजे बोरपिंप्री

विषय : वाचनालयाची पुस्तके परत देण्यास नकार, आणि अर्जदाराविरुद्धची तक्रार काढून न टाकण्याबद्दल विनंती.

संदर्भ : आपल्या कचेरीची घरफोडीबाबतची नोटीस.

महोदय,

१. नोटिशीत लिहिले आहे की अर्जदाराने भरदिवसा वाचनालयाच्या छपराची कौले काढून आतील पुस्तके नेली. हे खरे आहे. साक्षीपुराव्याचा त्रास कोणी घेऊ नये. मात्र कौले का काढावी लागली हे नोटिशीत नाही, ते अर्जदार सांगते.

२. वाचनालय गावाने बांधले. भिंतीला माती गावच्या बायांनी लिंपली. दारावर तांबड्या अक्षरांत ‘सर्वांस खुले’ असे रंगवलेले आहे, ते आजही वाचता येते. अर्जदाराचे यजमान चुडामण वारल्यावर झाडलोट आणि किल्ली पंचकमिटीने अर्जदाराकडे दिली. त्या वेळी अर्जदारास अक्षर येत नव्हते. दुपारी पोरे मोठ्याने वाचत, अर्जदार केरसुणी बाजूला ठेवून ऐकत बसे. त्याच पोरांनी तिला मुळाक्षरे शिकवली, चुकली की हसली, आणि पुन्हा शिकवली.

३. गावाशेजारी कापसातली सरकी काढणारा जिन आहे. सुगीनंतर सातपुड्याकडून पावरा मजूर तेथे कामाला येतात व पालांत राहतात. आईबाप कामावर, लेकरे यंत्रांच्या आसपास. यंदा भुरीबाई नावाच्या मजूरबाईचा लहान मुलगा गेंदा याचा उजवा हात यंत्रात सापडला. जीव वाचला, बोटे गेली. भुरीबाई त्याला कडेवर घेऊन दवाखान्यात निघाली तेव्हा अर्जदार वाटेत होती. दुसऱ्या दिवशी अर्जदार पालांवर गेली आणि असतील तितकी लेकरे वाचनालयात आणून बसवली. जिनपेक्षा ती जागा बरी, एवढाच तेव्हा विचार होता.

४. पण लेकरे नुसती बसत नाहीत. गेंदाची बहीण रुपली होळीच्या आत वाचू लागली. आपली भाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत वाचायचे, तरी तिचा आवाज खणखणीत. पंचकमिटीचे अध्यक्ष अभिमन पाटील एका दुपारी आले. त्यांचा नातू रुपलीला खेटून बसला होता आणि अडलेला शब्द तिला विचारत होता. अभिमन पाटील नात्याने अर्जदाराचे दीर लागतात. ते दारातूनच म्हणाले, “भाबी, किल्ली दी टाक.” अर्जदार म्हणाली, “किल्ली गावनी शे, तुमनी नही.” यावर त्यांनी कमिटी भरवून ‘सभासदांच्याच मुलांस प्रवेश’ असा ठराव केला आणि दाराला दुसरे कुलूप घातले. त्या दिवसापासून गावाची मुलेही बाहेर आणि पावऱ्यांचीही बाहेर. सभासद कोण, हे कमिटीला अद्याप ठरवता आलेले नाही.

५. पुढे खिडकीच्या गजांतून पाहताना कपाटाच्या पायावर वाळवीची माती चढलेली दिसली. अर्जदार अभिमन पाटलांच्या ओट्यावर गेली. ते म्हणाले, पाडवा होऊ द्या, मग बघू. अर्जदाराने सांगितले की वाळवी पाडवा पाळत नाही. ते उठून घरात गेले.

६. तेव्हा बाजारच्या दिवशी, गाव जागे असताना, अर्जदाराने शिडी लावली. चोराने दिवस निवडला असता काय, याचा साहेबांनी विचार करावा. कौले अर्जदाराने स्वतः काढून एकावर एक रचली, एकही फुटू दिले नाही. आत भुरीबाई उतरली. पुस्तके ती वर देई, अर्जदार शिडीवरच्या बाईकडे देई, तेथून हातोहात अर्जदाराच्या गोठ्यापर्यंत. खालच्या कप्प्यातली पुस्तके हातात घेताच भुगा झाला. ती पाहून भुरीबाई, जिला वाचता येत नाही, आत बसून रडली. मग कौले पुन्हा बसवली. नोटिशीत ‘इतर अनोळखी बाया’ म्हटले आहे. या गावात अनोळखी बाई नाही. भुरीबाईने आपले नाव लिहायला स्वतः सांगितले; बाकीची नावे अर्जदार सांगणार नाही, शिक्षा एकटीस द्यावी.

७. आणखी एक नाव मात्र लपून राहिले नाही. अभिमन पाटील पोलीस पाटलास घेऊन गोठ्यावर आले, तेव्हा गोणपाटावर पोरे बसली होती आणि त्यांना वाचून दाखवत होती ती अभिमन पाटलांची सून ताईबाई. ते म्हणाले, “ताई, घर चाल.” ताईबाईने पदर पुढे ओढला, पण पुस्तक मिटले नाही. म्हणाली, “पोरे बठेल शेतस, आबा. पान पुरं व्हऊ द्या.” सासऱ्यापुढे तिचा आवाज गावाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पोलीस पाटील खाली पाहू लागले. अभिमन पाटील पान संपेपर्यंत उभे राहिले आणि एकटेच परत गेले. तक्रार त्यानंतर झाली.

८. आता परवा त्यांचा निरोप आला. तक्रार मागे घेतो, दार उघडतो, किल्लीही भाबीकडेच राहू द्या. फक्त पावऱ्यांची लेकरे गोठ्यातच बसवा आणि त्यांना फाटकी पुस्तके द्या. गावात पुष्कळांना हे शहाणपणाचे वाटले. अर्जदाराच्या भावानेही जळगावहून येऊन सांगितले की कोर्टकचेरी बाईमाणसाला शोभत नाही. अर्जदार रात्रभर विचार करत होती. तुरुंगाची भीती तिला वाटत नाही असे नाही. सकाळी तिने उलट निरोप धाडला : नाही.

९. सबब विनंती अशी की अभिमन पाटलांनी तक्रार मागे घेण्याचा अर्ज दिल्यास तो नामंजूर व्हावा आणि चौकशी पुरी चालावी. ती कचेरीत न करता बोरपिंप्रीस वाचनालयाच्या दारात, सर्वांसमक्ष व्हावी. दारावरचे दोन शब्द खरे की खोटे, एवढेच साहेबांनी लिहून द्यावे. खरे ठरल्यास पुस्तके त्याच दिवशी परत आत जातील आणि लेकरेही त्यांच्याबरोबर जातील. खोटे ठरल्यास ते शब्द सरकारी माणसाने येऊन पुसावेत. गावातला एकही माणूस ते काम करणार नाही, अर्जदाराने घरोघर विचारून पाहिले आहे. अभिमन पाटलांनाही विचारले. तेही नाही म्हणाले.

कळावे. साहेब येतील त्या दिवशी हजर राहणारी,

भिकुबाई कोम चुडामण पाटील
(अंगठा नाही. सही स्वदस्तुर.)

मौजे बोरपिंप्री, तालुका अमळनेर
ता. ११ एप्रिल १९३८

सोबत : वाळवीने खाल्लेल्या एका पुस्तकाचा पुठ्ठा. आत पाने नाहीत.